रामघाटावरील शिपाई आणि विधानसभेतील गृहमंत्री

उज्जयिनीचे नाव काढले की प्रथम महाकालेश्वर आठवतो, मग विक्रमादित्य व कालिदास, आणि त्यांच्या मागोमाग क्षिप्रा नदी. या क्षिप्रेच्या पूर्व तीरावर, हरसिद्धीच्या देवळापासून जवळच, रामघाट आहे. प्रभू रामचंद्रांनी येथे दशरथ राजाचे श्राद्ध केले, अशी लोकांची श्रद्धा आहे. समोरच्या तीरावर दत्त आखाडा आहे. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत व सूर्य मेष राशीत असता, येथे सिंहस्थ भरतो. त्या वेळी या दगडी पायऱ्यांवर सर्व भारतवर्ष लोटले आहे की काय, असे वाटू लागते.

या घाटावर पुजारी, नावाडी, फुले विकणाऱ्या बाया, साधू, यात्रेकरू असे नाना प्रकारचे लोक दिसतात. त्यांत दोन माणसांकडे मात्र यात्रेकरूंचे लक्ष क्वचितच जाते. एक, गर्दीच्या तोंडाशी दोर धरून उभा असलेला पोलीस शिपाई. आणि दुसरा, पाण्यात कोणी पाय घसरून पडलाच तर उडी घेण्यास सज्ज असलेला गृहरक्षक दलाचा जवान. या दोघांनी आपापले काम चोख केले तर कोणी त्यांचे नाव घेत नाही. ते चुकले तर देशभर बोभाटा होतो.

वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना एक प्रश्न आम्हास हमखास विचारला जातो. ‘हा शिपाई कोणाचे ऐकतो? आणि तो चुकला तर जाब कोणाला विचारावयाचा?’ प्रश्न साधा दिसतो. पण लोकशाहीचे अर्धे मर्म त्यात साठविलेले आहे. म्हणून या लेखात रामघाटाचेच उदाहरण घेऊन त्याचे उत्तर शोधण्याचे आम्ही योजिले आहे.

शिपायापासून मतदारापर्यंत

शिपायाच्या वर हवालदार, हवालदाराच्या वर ठाण्याचा अधिकारी, आणि जिल्ह्यातील सर्व ठाण्यांच्या वर पोलीस अधीक्षक, ही उतरंड आपणांस ठाऊक आहे. अधीक्षकाच्या वर उपमहानिरीक्षक व महानिरीक्षक आणि सर्वांच्या वर भोपाळ येथे बसणारे पोलीस महासंचालक असतात. येथपर्यंतची सर्व माणसे नेमलेली आहेत. परीक्षा देऊन, भरती होऊन, बढती मिळून ती त्या जागी पोहोचलेली असतात. त्यांपैकी एकालाही आपण मत दिलेले नाही.

आता याच्या वरची पायरी पाहा. महासंचालकांच्या वर राज्याचे गृहखाते आणि त्या खात्याचा प्रमुख गृहमंत्री. हा लोकांनी निवडून दिलेला आमदार असतो. गृहमंत्री ज्या मंत्रिमंडळात बसतो ते मंत्रिमंडळ, राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणे, सामुदायिकरीत्या विधानसभेस जबाबदार असते. मध्यप्रदेशाच्या विधानसभेत २३० सभासद आहेत, आणि ते सर्व मतदारांस जबाबदार आहेत. अशा रीतीने ज्या साखळीचे एक टोक रामघाटावरील शिपायाच्या हाती आहे, तिचे दुसरे टोक मतपेटीजवळ उभ्या असलेल्या नागरिकाच्या हाती येते. गृहमंत्री ही या दोन टोकांना जोडणारी कडी होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावचा महापौर सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी. तेव्हा पोलीस त्याच्याच हाताखाली असतील, असे पुष्कळांना वाटते. उज्जयिनीच्या नागरिकांनी २०२२ साली आपला महापौर थेट मतांनी निवडला खरा, पण रस्ते, दिवे, पाणी व स्वच्छता हे त्याचे क्षेत्र, पोलीस नव्हे. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था हा आहे व दुसरा पोलीस हा आहे. गंमत अशी की याच सूचीतील सातवा विषय तीर्थयात्रा हा आहे. भारताबाहेरील यात्रा तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पोलीस आणि यात्रा हे दोन्ही विषय राज्याकडेच येतात, आणि रामघाटाच्या पायऱ्यांवर ते एकमेकांस भेटतात.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक अधिकारी या व्यवस्थेत येतो, तो म्हणजे जिल्हादंडाधिकारी. १८६१ च्या पोलीस कायद्याने पोलिसांवरील देखरेख राज्य सरकारकडे सोपविली आणि जिल्ह्यातील पोलिसांवर जिल्हादंडाधिकाऱ्याचे सर्वसाधारण नियंत्रण ठेवले. १८५७ च्या उठावानंतर परकीय सत्तेने केलेला हा कायदा. त्यात रयतेने जाब विचारण्याची सोय नव्हती, कारण देखरेख करणारे सरकारच रयतेचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर कायद्याचे शब्द पुष्कळसे तेच राहिले. पण ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ पालटला. आता सरकार म्हणजे आपण निवडून दिलेली माणसे.

कोतवालाचा काळ

हा पालट किती मोठा आहे हे कळण्याकरिता थोडे मागे गेले पाहिजे. अठराव्या शतकात उज्जयिनी शिंद्यांच्या अंमलाखाली आली. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजेच सुखटणकर, यांनी महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आम्हा कोंकणी बोलणाऱ्यांस हे नाव ऐकून थोडे आपलेपण वाटते, हे कबूल केले पाहिजे. त्या काळी शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. कोतवाल सरदाराचा किंवा कारभाऱ्याचा माणूस. त्याची मर्जी सांभाळली की त्याचे काम झाले.

ही पद्धत बिघडली म्हणजे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. नाना फडणिसांच्या कारकिर्दीत घाशीराम हा पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली त्याच्या अंमलात तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत कोंडून ठेवण्यात आले आणि त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले. लोकांनी न्यायाची मागणी केली आणि शेवटी घाशीराम जमावाच्या हाती सापडून दगडांखाली मारला गेला. या प्रकरणाचा धडा केवळ इतकाच नव्हे की कोतवाल जुलमी होता. त्या कोतवालाला वेळीच प्रश्न विचारण्याची जागा पुण्यात कोठेही नव्हती, हा मोठा धडा आहे. जेथे प्रश्न विचारण्याची जागा नसते, तेथे लोक दगड उचलतात. आणि दगड म्हणजे न्याय नव्हे.

आज ती जागा आहे. तिचे नाव विधानसभा.

गृहमंत्र्याने काय करावयाचे?

कोणी म्हणेल, गृहमंत्री पोलिसांचा मुख्य, म्हणून तो पोलिसांना हुकूम सोडीत असेल. ही समजूत बरोबर नाही. गृहमंत्री हा मोठा फौजदार नव्हे. त्याची कामे निराळी आहेत आणि ती मुख्यतः चार आहेत.

पहिले काम साधने पुरविण्याचे. शिपायांची भरती, त्यांची घरे, बिनतारी यंत्रे, नावा, दिवे, प्रशिक्षण, या सर्वांना पैसा लागतो. तो अंदाजपत्रकातून विधानसभा मंजूर करते, आणि तिच्यापुढे ती मागणी गृहमंत्री मांडतो. घाटावर शिपाई कमी पडले तर त्याचे कारण पुष्कळदा दोन वर्षांपूर्वीच्या अंदाजपत्रकात सापडते.

दुसरे काम धोरण ठरविण्याचे. लालबहादूर शास्त्री स्वातंत्र्याच्या सुमारास उत्तर प्रदेशात पोलीसखात्याचे मंत्री होते. जमाव पांगविण्याकरिता लाठीऐवजी पाण्याचे फवारे वापरावेत, असे त्यांनी सांगितल्याचे त्यांच्या चरित्रांत आढळते. अमुक माणसाला मारू नका असे त्यांनी सांगितले नाही. सर्वांशी कसे वागावे ते सांगितले. याला धोरण म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात गृहमंत्री रा. रा. पाटील, ज्यांना सर्व जण आर. आर. आबा म्हणत, यांच्या कारकिर्दीत १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातील भांडणे गावकऱ्यांच्या समितीने समोपचाराने मिटवावीत व तशी मिटविणाऱ्या गावास बक्षीस मिळावे, अशी ती योजना होती. बांधाच्या भांडणातून डोकी फुटण्यापूर्वीच भांडण मिटले, तर पोलीस ठाण्याचा व कोर्टाचा भार हलका होतो, हे त्यामागील तत्त्व.

तिसरे काम उत्तर देण्याचे. विधानसभेत तारांकित प्रश्न येतात, लक्षवेधी सूचना येतात, अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते. विरोधी पक्षाचा सभासद उठून विचारतो, ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोलिसांनी असे का केले?’ गृहमंत्र्याला उभे राहून सांगावे लागते. शिपाई विधानसभेत येत नाही. त्याच्या वतीने मंत्री उभा राहतो. शिपायाचे बरोबर असेल तर त्याची बाजू मांडावयाची, चूक असेल तर ती मान्य करून चौकशी लावावयाची.

चौथे काम सर्वांत कठीण, ते म्हणजे अपयशाची जबाबदारी घेण्याचे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. त्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला आणि १ डिसेंबर रोजी आर. आर. पाटील यांनीही गृहमंत्रिपद सोडले. त्यांनी स्वतः कोणते ठाणे सांभाळले नव्हते. तरीही खात्याचा प्रमुख या नात्याने त्यांना पद सोडावे लागले. पुढे २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले. पद हे लोकांकडून आलेले असते, ते लोकांसाठी सोडावे लागते आणि लोकांच्या संमतीने पुन्हा मिळूही शकते, हे या घटनेवरून ध्यानात येईल.

गर्दीची परीक्षा

या चार कामांचे खरे मोल गर्दीच्या दिवशी कळते. १५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्या होती. त्या दिवशी उज्जयिनीस महाकालेश्वराच्या देवळात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ जण गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराज येथे मौनी अमावास्येच्या पहाटे किमान ३० जणांचा अंत झाला. ही सर्व माणसे देवदर्शनाला अथवा स्नानाला निघालेली होती. त्यांच्या घरी कोणी तरी वाट पाहत होते.

अशा प्रसंगी माणसे बहुधा पायांखाली तुडवली जाऊन मरतात, असे आपण समजतो. तज्ज्ञ सांगतात की पुष्कळ जण उभ्या जागीच, छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की माणूस स्वतःच्या इच्छेने चालत नाही. गर्दी त्याला वाहून नेते. मागच्यांना पुढे काय झाले ते दिसत नाही आणि ते रेटा देतच राहतात. म्हणून चेंगराचेंगरी झाल्यावर शिपाई कितीही धावला तरी उपयोग थोडा. खरे काम अर्ध्या कोसावर आधीच करावे लागते. वाट वेळेवर बंद करावयाची, येण्याचा व जाण्याचा मार्ग निराळा ठेवावयाचा आणि घाटावर जागा झाल्याखेरीज पुढचा जथा सोडावयाचा नाही.

आता विचार करा. मागे हजारो माणसे ओरडत असता वाट बंद करण्याचे धैर्य त्या शिपायाला कोठून येणार? त्याला बिनतारी यंत्र मिळालेले असेल, दुसरी वाट आधीच तयार असेल, त्याचा सराव झालेला असेल आणि ‘तू वाट बंद केलीस म्हणून तुझी बदली होणार नाही’ असा विश्वास त्याला असेल, तरच. यांपैकी एकही गोष्ट तो शिपाई स्वतः निर्माण करू शकत नाही. ती वरून यावी लागते.

तशीच गोष्ट बड्या लोकांच्या स्नानाची. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागच्या कुंभमेळ्यात शेकडो माणसे चेंगरून मेली. त्या दुर्घटनेची न्यायमूर्ती कमलाकांत वर्मा यांच्या समितीने चौकशी केली. बड्या व्यक्तींनी पर्वस्नानाच्या दिवशी मेळ्यास जाऊ नये, असा सल्ला पंडित नेहरूंनी त्यानंतर दिला. २०२५ च्या दुर्घटनेनंतरही प्रयागराज येथे विशेष व्यक्तींचे वाहन-परवाने रद्द करावे लागले. एका मोठ्या माणसाकरिता वाट मोकळी केली की हजार लहान माणसांची वाट अरुंद होते. हे शिपाई मंत्र्याला सांगू शकत नाही. मंत्र्यानेच ते आपणहून ओळखले पाहिजे. आपण घाटावर न जाणे हीदेखील गृहमंत्र्याची एक सेवा होय.

मर्यादेची रेषा

गृहमंत्र्याने काय करावे हे पाहिले. काय करू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोणास अटक करावी, कोणास सोडावे, कोणाविरुद्ध गुन्हा नोंदवावा, पुरावा कोणता धरावा, या गोष्टी कायद्याने पोलीस अधिकाऱ्याकडे व न्यायालयाकडे दिल्या आहेत. गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचे कायद्याने ठरविलेले काम असून त्यात इतरांनी ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व १९४४ सालीच प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले आहे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे घटनेचा २२ वा अनुच्छेद सांगतो. त्यात मंत्र्याची परवानगी लागत नाही.

तरीही ही रेषा वारंवार ओलांडली जाते, अशी तक्रार होती. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने निकाल देऊन सात आदेश दिले. महासंचालक, जिल्ह्याचा अधीक्षक व ठाण्याचा प्रमुख यांना निदान दोन वर्षे त्या जागी राहू द्यावे. बदल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत व्हाव्यात. तपासाचे काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळे करावे. लोकांच्या तक्रारी ऐकण्यास प्राधिकरण असावे. आणि राज्य सुरक्षा आयोग नेमावा, हे त्यांतील मुख्य होत. या आयोगाचा अध्यक्ष मुख्यमंत्री किंवा गृहमंत्री असावा आणि त्यात विरोधी पक्षनेताही असावा, असे न्यायालयाने सुचविले. निवडून आलेल्या माणसाला बाजूला सारण्याचा हेतू त्यात नव्हता. त्याचा हात कोठवर जावा हे ठरविण्याचा होता. निरनिराळ्या राज्यांनी हे आदेश कमीअधिक प्रमाणात अमलात आणले आहेत. पूर्णतः अमलात आणण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.

पालकांनी येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठाण्यावर तक्रार नोंदवून घेतली नाही तर मंत्र्याकडे वशिला शोधीत जाण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येतो, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. वशिल्याने मिळालेला न्याय हा दुसऱ्या कोणाचा तरी हिरावलेला न्याय असतो.

उज्जयिनीचे आजचे चित्र

२०१६ च्या सिंहस्थाच्या वेळी, म्हणजे २२ एप्रिल ते २१ मे या महिन्यात, मध्यप्रदेशाचे गृहमंत्री बाबूलाल गौर होते. ते भोपाळच्या गोविंदपुरा मतदारसंघाचे आमदार, उज्जयिनीचे नव्हेत. १३ डिसेंबर २०२३ रोजी मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि गृहखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. ते उज्जैन दक्षिण मतदारसंघातून निवडून आलेले आहेत. म्हणजे ज्या शहरात रामघाट आहे त्याच शहराच्या आमदाराकडे राज्यातील सर्व पोलिसांची देखरेख आली.

हे इष्ट की अनिष्ट? दोन्ही बाजूंनी विचार करता येतो. गावचा माणूस गल्लीबोळ ओळखतो; कोणत्या वळणावर गर्दी तुंबते हे त्याला नकाशावाचून कळते. मुख्यमंत्री व गृहमंत्री एकच असल्यामुळे निर्णय लवकर होऊ शकतो. उलट पक्षी, मुख्यमंत्र्यामागे शेकडो कामे असतात आणि गृहखात्याला पूर्ण वेळ देणारा वेगळा मंत्री असणे बरे, असेही अनेक जण म्हणतात. शिवाय स्वतःच्या मतदारसंघात ‘आपला माणूस’ म्हणून येणाऱ्यांची रीघ अधिक असते, आणि तेथे ती मर्यादेची रेषा सांभाळणे अधिक कठीण जाते. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गात या विषयावर वादविवाद करून पाहावा. कोणा व्यक्तीची स्तुती अथवा निंदा न करता केवळ पद्धतीचा विचार करावा, म्हणजे झाले.

इतर देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्याचा यत्न केला आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तालुक्याएवढ्या प्रदेशाचा शेरीफ लोक थेट निवडतात. इंग्लंड व वेल्समध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये पोलिसांवर देखरेख करणारे आयुक्त प्रथमच लोकांच्या मतांनी निवडले गेले. पोलीस प्रमुख नेमणे, अंदाजपत्रक ठरविणे आणि पोलिसांनी कोणत्या कामास अग्रक्रम द्यावा हे सांगणे, असे त्यांचे अधिकार. परंतु त्या पहिल्या निवडणुकीत शंभर मतदारांपैकी सुमारे पंधराच मतदानाला गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने ही पदे २०२८ साली रद्द करण्याचा आपला निर्णय जाहीर केला. यावरून एवढे तरी दिसते की पद निर्माण केल्याने जबाबदारी आपोआप निर्माण होत नाही. लोकांनी त्या पदाकडे लक्ष दिले पाहिजे.

आपला वाटा

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरी आणि २०२८ साली उज्जयिनीस सिंहस्थ येत आहे. आपल्यापैकी कित्येकांची कुटुंबे तेथे जातील. आजी-आजोबांचा हात धरून आपणही जाल. तेव्हा शिपायाने ‘थांबा’ म्हटले तर थांबावे. ‘पलीकडच्या वाटेने जा’ म्हटले तर थोडे अधिक चालावे. ओळख सांगून दोराखालून जाऊ नये. ही आज्ञाधारकता म्हणजे भित्रेपणा नव्हे. मागे असलेल्या अनोळखी माणसाच्या श्वासाची ती काळजी आहे.

आणि घरी आल्यावर प्रश्न विचारावेत. घाटावर येण्याची व जाण्याची वाट निराळी होती काय? रात्री दिवे होते काय? शिपाई किती तास उभा होता, त्याला पाणी मिळाले काय? हरवलेल्या मुलांकरिता जागा होती काय? हे प्रश्न आपल्या आमदाराला पत्राने विचारता येतात, आणि आमदार ते विधानसभेत विचारू शकतो. प्रश्न नम्र असावा, नेमका असावा व त्यात तारीख आणि स्थळ असावे. ‘पोलीस काही करीत नाहीत’ असे सरसकट म्हणण्याने कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. ‘अमुक दिवशी, अमुक वाटेवर, अमुक वेळी एकही शिपाई का नव्हता?’ या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते.

अठराव्या वर्षी आपणांस मत मिळेल. त्या वेळी उमेदवार जात कोणती, गाव कोणते, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण त्याला एवढे विचारावे की, ‘पोलिसांवर तुमचा अधिकार आला तर तो कोठवर वापराल आणि कोठे थांबाल?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर जो देईल, त्याच्याच हाती ही साखळी देणे योग्य होय.